ब्रह्मदेवालाही ठाऊक नसेल तर?

प्रश्न : ऋग्वेदातील नासदीय सूक्ताच्या (मंडल १०, सूक्त १२९) शेवटच्या ऋचेपाशी मी थबकलो. सृष्टी कोठून झाली हे परम व्योमातील तिच्या अध्यक्षालाच ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल, असे तेथे म्हटले आहे. मग हिंदू सृष्टिकर्ता मानतात आणि बौद्ध मानत नाहीत, ही विभागणी कितपत खरी?

उत्तर १ : अर्धीच. हिंदू दर्शनांपैकी निरीश्वर सांख्य प्रकृती (मूळ जडद्रव्य) आणि पुरुष (चैतन्य) यांवर भागवते, वैदिक कर्मकांडाचा विचार करणाऱ्या पूर्वमीमांसेलाही जगाचा कर्ता लागत नाही. न्यायदर्शन मात्र घटावरून कुंभाराचे अनुमान करावे तसे जगावरून ईश्वराचे करते. त्यावर बौद्ध आचार्य धर्मकीर्ती विचारतात, वारूळही मातीचेच, मग तेही कुंभाराने केले काय?

उत्तर २ : दीघनिकायातील (त्रिपिटकातील बुद्धाच्या दीर्घ उपदेशांच्या संग्रहातील) केवट्टसुत्त अवश्य वाचावे. चार महाभूतांचा पूर्ण निरोध (लय) कोठे होतो, हे विचारत एक भिक्खू एकामागून एक देवलोक पालथे घालून महाब्रह्म्यापर्यंत पोहोचतो. महाब्रह्मा पुन्हापुन्हा 'मीच कर्ता, मीच निर्माता' असे सांगतो, पण भिक्खू हटत नाही. शेवटी महाब्रह्मा त्याला हाताला धरून बाजूला नेतो आणि इतर देवांच्या देखत बोलता आले नाही, पण आपल्यालाही ते ठाऊक नाही, अशी कबुली देतो. (त्रिपिटकात इतका मिस्कील प्रसंग मला तरी दुसरा आढळलेला नाही.) येथे देव आहेत, केवळ ते जन्ममरणातून सुटलेले नाहीत.

उत्तर ३ : तरीही नासदीय सूक्त आणि केवट्टसुत्त यांतले साम्य फार ताणू नये. सूक्तात वाऱ्याविना श्वास घेणारे 'ते एक' आरंभी आहेच. प्रतीत्यसमुत्पादात, म्हणजे प्रत्येक गोष्ट इतर कारणांवर अवलंबून उपजते या बौद्ध सिद्धांतात, असे आदिकारण नाही.