अकिनाचा घाट पडद्यावर उतरला, पण बाप-लेकांमधले मौन कुठे गेले?

लालबागकर

'इनिशियल डी' हा २००५ सालचा हाँगकाँगचा चित्रपट मी गेल्या आठवड्यात चौथ्यांदा पाहिला आणि पहिल्या वेळी जे नुसते खटकले होते, ते आता नीट मांडता येईल असे वाटले, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना कथा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शुइची शिगेनो यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९५ ते २०१३ अशी अठरा वर्षे चालली आणि तिचे ४८ खंड झाले. तिच्यावरची ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, मालिका १९९८ साली सुरू झाली. ताकुमी फुजिवारा हा शाळकरी मुलगा वडिलांच्या दुकानातले तोफू रोज पहाटे अकिना घाटातून पोहोचवतो. त्यासाठी तो जी जुनी टोयोटा चालवतो, तिच्या दारावर दुकानाचे नाव रंगवलेले आहे. शर्यतींत त्याला काडीचाही रस नाही, परंतु रोजच्या फेऱ्यांमुळे त्या घाटात त्याच्यापेक्षा वेगाने कोणीही उतरू शकत नाही, आणि हे त्याला स्वतःलाच माहीत नाही. अकिना हे नाव काल्पनिक असले, तरी तो डोंगर म्हणजे गुन्मा प्रांतातला हारुना आहे.

माझा आक्षेप ताकुमीच्या वडिलांविषयी, म्हणजे बुंताविषयी आहे. मांगात हा माणूस फार कमी बोलतो. सिगारेट ओढतो, डोळे अर्धे मिटून बसतो आणि मुलाला गाडी कशी चालवायची हे समजावून सांगत नाही. गाडीत पाण्याने भरलेला पेला ठेवतो आणि पाणी सांडू देऊ नकोस, एवढेच बजावतो. पाणी न सांडता वळण घ्यायचे तर ब्रेक, स्टिअरिंग आणि ॲक्सिलरेटर यांपैकी कशालाही धक्का बसता कामा नये, आणि गाडीचे वजन एका चाकावरून दुसऱ्या चाकावर सावकाश सरकले पाहिजे. मुलगा हे विद्यालयात न शिकता त्या पेल्याकडून शिकतो. चित्रपटात पेला आहे, परंतु बुंता हा दारू पिऊन आरडाओरडा करणारा आणि मुलावर हात उगारणारा बाप झाला आहे. अशा बापाने ठेवलेला पेला मला धाकासारखा वाटतो. मूळ कथेत तो विश्वास होता.

मला घाट उतरायला वडिलांनी शिकवले, जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर, खंडाळ्याहून खोपोलीकडे. ते शेजारी बसत, हातब्रेकवर हात ठेवत आणि खाली पोहोचेपर्यंत एक अक्षरही बोलत नसत. कदाचित त्यामुळेच हा बदल मला इतका लागला असावा.

पद्मिनीवाला

लालबागकर, तुमचे म्हणणे मनापासून आलेले आहे हे मान्य करूनही मी त्याच्याशी सहमत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. ॲनिमेच्या पहिल्या पर्वाचे २६ भाग आहेत, तर चित्रपट दोन तासांचाही नाही. गप्प राहणाऱ्या माणसाच्या गप्प राहण्याला अर्थ यायचा असेल, तर प्रेक्षकाला त्याच्यासोबत पुष्कळ वेळ घालवावा लागतो, आणि तो वेळ अँड्र्यू लाऊ आणि ॲलन माक या दिग्दर्शकांकडे नव्हता. त्यांनी बुंताला दारुडा केला, कारण असा माणूस पहिल्याच प्रसंगात कळतो. अँथनी वाँग यांनी मात्र त्या दारुड्याच्या आतला जुना, निष्णात चालक शेवटपर्यंत जिवंत ठेवला आहे, आणि याच भूमिकेसाठी त्यांना तैवानच्या गोल्डन हॉर्स चित्रपट पुरस्कारांमध्ये सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्याचा मान मिळाला.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. १९९८ च्या ॲनिमेमधल्या गाड्या संगणकावर केलेल्या होत्या आणि हाताने काढलेल्या पार्श्वभूमीवर त्या वजन नसल्यासारख्या सरकताना दिसत. चित्रपटात खऱ्या गाड्या खऱ्या डोंगरी रस्त्यावर धावतात. वळणावर गाडीचे अंग बाहेरच्या बाजूला झुकते, टायरचा धूर निघतो, आणि मागची चाके सुटली की पोटात खड्डा पडतो. माझ्या वडिलांची काळी-पिवळी पद्मिनी होती आणि ताकुमीच्या टोयोटाप्रमाणे तिच्याही इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जात असे. पहिल्या पावसात परळच्या पुलावरून उतरताना तिची शेपटी किंचित बाहेर गेली की वडील स्टिअरिंग उलट दिशेला जरासे फिरवून ती सावरत. तो क्षण मला मांगाच्या पानांत कधी सापडला नाही, चित्रपटात सापडला.

निसानच्या जीटी-आरशी होणारी शर्यतच घ्या. जीटी-आरची ताकद २८० अश्वशक्ती आणि वजन १४०० किलोंच्या वर. टोयोटाची ताकद १३० अश्वशक्तीच्या आसपास आणि वजन साडेनऊशे किलोंच्या आत-बाहेर. चढावर हा सामनाच होऊ शकत नाही. उतारावर मात्र ताकदीचे महत्त्व घटते आणि प्रत्येक वळणाआधी जड गाडीच्या ब्रेकना आणि पुढच्या टायरना अधिक भार सोसावा लागतो, त्यामुळे तळाशी पोहोचेपर्यंत तिचे नाक वळेनासे होते. कागदावर हे समजावून सांगावे लागते, पडद्यावर ते नुसते पाहून कळते.

कट्ट्यावरची

तुम्ही दोघेही बापाविषयी आणि गाडीविषयी भांडत आहात, आणि नात्सुकीचे नावही कोणी घेतलेले नाही.

ताकुमीला आवडणारी ही मुलगी पैशांसाठी एका मर्सिडीजवाल्या वयस्क माणसाला भेटते, हे मूळ कथेतही आहे. परंतु मांगाला लांबी असल्यामुळे तिची लाज, तिचे बदलणे आणि ताकुमीने हळूहळू तिला समजून घेणे या सगळ्याला जागा मिळते. चित्रपटाने तो उत्तरार्ध कापला आहे: शेवटी ताकुमी तिला त्या गाडीतून उतरताना पाहतो, रडतो आणि र्‍योसुके ताकाहाशी या प्रतिस्पर्धी चालकाच्या शर्यतीच्या संघात जायचे ठरवतो. म्हणजे तिचे दुःख हे ताकुमीला घाटाबाहेर काढण्याचे निमित्त उरते. वेळ कमी होता हे कारण मला बुंताच्या बाबतीत पटू शकेल, इथे पटत नाही, कारण शेवटच्या शर्यतीत तीन गाड्या एकत्र आणायला चित्रपटाला वेळ मिळालाच. ॲन सुझुकी यांनी ही भूमिका समजून केली आहे. त्यांना एखादा प्रसंग स्वतःच्या बाजूने बोलायला मिळायला हवा होता.

गिरगाव_चौपाटी

माझा मुद्दा संगीताचा आहे आणि तो थोडक्यात मांडतो. ॲनिमे पाहिलेल्या कोणालाही विचारा, घाट आठवण्याआधी त्याला युरोबीट आठवते. मुख्यतः इटलीत ध्वनिमुद्रित झालेली ती वेगवान, इंग्रजी शब्दांची गाणी शर्यतींच्या नाडीसारखी होती. चित्रपटाने ती पूर्णपणे काढून टाकली आणि ताकुमीची भूमिका करणाऱ्या जे चौ या तैवानी गायकाची गाणी घेतली. ती गाणी चांगलीच आहेत. परंतु आपल्याकडे २०१५ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' या १९६७ च्या नाटकावर चित्रपट आला, तेव्हा नवी गाणी घेतानाही अभिषेकीबुवांची पदे ठेवली होती, आणि नाटक पाहिलेली आमची आधीची पिढी चित्रपटगृहात तीच ऐकायला गेली होती. नव्याला जागा देण्यासाठी जुने संपूर्ण बाहेर काढावे लागते, असे नाही.

लालबागकर

पद्मिनीवाला, गाडीच्या वजनाविषयीचे तुमचे म्हणणे मी मान्य करतो. जीटी-आरचे नाक वळेनासे होते ते मी पुन्हा पाहिले आणि ॲनिमेमध्ये मला ते इतके कधीच जाणवले नव्हते. कट्ट्यावरची यांचा मुद्दा माझ्याकडून सुटायला नको होता. नात्सुकीवरही बुंतासारखाच अन्याय झाला आहे, किंबहुना अधिक.

परंतु वेळ नव्हता म्हणून बुंताला दारुडा केले, हे मला अजूनही पटत नाही. मांगातला एक प्रसंग सांगतो. जुने इंजिन निकामी झाल्यावर बुंता गाडीत शर्यतीचे नवे इंजिन बसवतो आणि मुलाला त्याविषयी काहीही सांगत नाही. ताकुमीला गाडी आधीपेक्षा मंद वाटू लागते, तो चिडतो, गोंधळतो, आणि हे इंजिन फार वरच्या आरपीएमवर नेल्याशिवाय, म्हणजे खूप वेगाने फिरवल्याशिवाय, जागे होत नाही हे त्याला उशिरा कळते. बाप तोपर्यंत थांबतो. मुलाला स्वतःहून कळेपर्यंत थांबणे हेच त्या माणसाचे शिकवणे आहे. हे दाखवायला २६ भाग लागत नाहीत. गाडी परत आल्यावर दारात उभे राहून मुलाच्या चेहऱ्याकडे पाहणारा आणि काही न विचारता आत जाणारा माणूस दाखवायला अर्धे मिनिट पुरते, आणि अँथनी वाँग यांच्यासारख्या नटाला तर त्याहूनही कमी.

पद्मिनीवाला

ते अर्धे मिनिट मी तुम्हाला देऊन टाकतो. तुमच्या वडिलांचा हातब्रेकवरचा हात वाचल्यापासून मी हाच विचार करत होतो की कॅमेऱ्याला दाखवायला त्याहून सोपे काय असते. संवाद लागत नाही, लांबी लागत नाही. दिग्दर्शकांकडे नट होता, गाडी होती आणि पेलाही होता.

तरीही कोणी मला विचारले की या कथेची ओळख करून घेण्यासाठी काय पाहावे, तर मी चित्रपटातली जीटी-आरची शर्यतच सांगेन. गिरगाव_चौपाटी यांनी संगीताचा विषय काढल्यावर मी ती शर्यत काल रात्री मोठ्या पडद्यावर, आवाज पूर्ण बंद करून पाहिली. रस्त्याकडेच्या गटारात आतले चाक घालून ताकुमी वळण काढतो त्या ठिकाणी माझा उजवा पाय नकळत जमिनीवर दाबला गेला. वडील शेजारच्या सीटवर असताना मी असाच पाय दाबत असे. लालबागकर, तुम्हीही ती एकदा तशी पाहा आणि तुमच्या वडिलांचा हात तेव्हा कुठे असता ते इथे लिहा.