मदत हवी आहे: नोअटॅक नदीवर प्यायचं पाणी आणि पूर

मंडळी, नमस्कार.

येत्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघं अलास्कातल्या नोअटॅक नदीतून राफ्टनं जाणार आहोत. बेटल्स गावातून विमानानं मॅचरॅक तलावावर उतरायचं आणि खाली नोअटॅक गावापाशी बाहेर पडायचं. इगिकपाक शिखरापाशी उगम पावून सुमारे ६८० किलोमीटर वाहणाऱ्या या नदीवर एकही धरण नाही. वाटेत दुकान, रस्ता काही नाही. त्यामुळे दोन गोष्टी निघण्याआधीच पक्क्या करायच्या आहेत.

पहिली पाण्याची. गोठलेली जमीन वितळू लागल्यामुळे खडकातल्या पायराइटला (लोह आणि गंधकाच्या खनिजाला) हवा-पाणी लागतं, त्यातून आम्ल, लोह आणि इतर धातू सुटतात आणि ओढे नारिंगी होतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रूक्स पर्वतरांगेतले असे ७५ प्रवाह नोंदवले आहेत. शेजारच्या कोबुक व्हॅलीत अकिलिक नदीचा एक फाटा असा गढुळला, तेव्हा त्यातले डॉली वार्डन आणि स्कल्पिन मासे दिसेनासे झाले. हे वाचून फार वाईट वाटलं. नोअटॅक गावातली इनुपियाक या मूळनिवासी समाजाची कुटुंबं याच नदीच्या चम सॅमन माशांवर जगतात.

आमचा फिल्टर जंतू आणि गाळ अडवतो. विरघळलेलं जस्त, निकेल, कॅडमियम त्यातून आरपार जातं. उकळून तर ते आणखी दाट होणार. नारिंगी ओढा दिसला तर तो नदीला मिळतो त्याच्या वरच पाणी भरून तो टाळता येईल, पण आम्लयुक्त पाण्यात लोह विरघळलेलंच राहतं आणि ते पाणी नितळ दिसतं. ते कसं ओळखायचं? आम्लता दाखवणाऱ्या पीएच पट्ट्या पुरतील का, की पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारं, विद्युतवाहकता मोजणारं मीटर न्यावंच?

दुसरी पुराची. तिथं उन्हाळ्यात वरची जमीन थोडीशीच वितळते, खाली बर्फासारखा टणक थर. पाऊस मुरत नाही, थेट नदीत येतो. सह्याद्रीतला ओढा कधी फुगेल हे आकाश बघून कळतं, पण इथं पाऊस वरच्या डोंगरात, आपल्या नजरेआड पडलेला असू शकतो. डास कमी म्हणून सगळे वाळूगोट्यांच्या बेटांवर तंबू ठोकतात. पाण्यापासून किती उंच राहायचं? रात्री काठावर काठी रोवून पाणी तपासत राहणं पुरेसं आहे का?

अलास्कात राहणारं किंवा तिकडच्या नद्यांवर गेलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा. मीटर मागवायचं असेल तर या महिन्यातच मागवावं लागेल.