आई-बाबांना घेऊन डलास ते ग्रँड कॅनियन, रस्त्यात जुन्या ऐतिहासिक हॉटेलांत राहावं का?

भुसावळची_लेक:

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आई-बाबा जूनमध्ये येतायत आणि जुलैत डलासहून गाडीने ग्रँड कॅनियनला जायचं चाललंय, आम्ही दोघं, मुलगी आणि ते दोघं. विमानाने फिनिक्स गाठून तिथून गाडी घेणं सोपं पडेल हे मलाही कळतं पण बाबांना रस्ता बघायचाय, वरून ढगांशिवाय काय दिसतं म्हणतात.

तर माझ्या डोक्यात असं आलंय की रोज रात्री एक्झिटवरचं तेच ते चेन हॉटेल आणि सकाळी तेच ते वॉफलचं मशीन, त्यापेक्षा वाटेतली जुनी, इतिहास असलेली हॉटेलं घ्यावीत. नवऱ्याचं म्हणणं जुनं म्हणजे जास्त पैसे मोजून कमी सोयी. त्याच्याकडे एका चेनचे भरपूर पॉइंट साठलेत तो भाग वेगळा :)

अडचणी अशा की आईचे गुडघे दुखतात, दोघंही शाकाहारी आहेत, अंडंसुद्धा नाही, आणि बाबा मध्य रेल्वेतून रिटायर झालेत त्यामुळे पहाटे चारला टक्क जागे होतात आणि जागे झाले की चहा. कोणी वयस्कर माणसांना घेऊन असं राहिलंय का? पैसे वसूल होतात का? की नुसतं फोटोपुरतं असतं?

वाळवंटी_कावळा:

बाबा रेल्वेवाले, मग प्रश्नच मिटला की हो ताई.

मी बरीच वर्षं अल्बुकर्कीत आहे. इथून पश्चिमेला तुमचा आय-४० महामार्ग जवळजवळ जुन्या सांता फे रेल्वेच्या रुळांना धरूनच जातो आणि त्या पट्ट्यातली नाव घेण्यासारखी जुनी हॉटेलं रेल्वेच्याच जिवावर उभी राहिलीत. फ्रेड हार्वी म्हणून एक माणूस होता, त्याने १८७६ मध्ये कॅन्ससमधल्या टोपेका स्टेशनात खाणावळ सुरू केली, तोवर गाडी थांबली की पळत जायचं, मिळेल ते कसंबसं गिळायचं आणि शिट्टी झाली की परत पळायचं असा प्रकार होता, हार्वीकडे स्वच्छ टेबलक्लॉथ आणि वेळेत ताट, रेल्वेला ते इतकं फायद्याचं पडलं की पुढच्या एकेका स्टेशनावर त्याची खाणावळ आणि मग हॉटेलं झाली. बाबांना सांगा, आपल्या स्टेशनावरची रिफ्रेशमेंट रूम आणि रिटायरिंग रूम एकत्र करून तिला चांगला आर्किटेक्ट दिला की हार्वी हाउस तयार.

त्यातलं तुमच्यासाठी एकच नाव सांगतो, ॲरिझोनातल्या विन्स्लोचं ला पोसाडा. मेरी कोल्टर या बाईंनी डिझाइन केलं, इमारतच नाही तर बाग, फर्निचर सगळंच, एखाद्या श्रीमंत स्पॅनिश जमीनदाराची हवेली असावी अशी कल्पना करून. उघडलं १९३० मध्ये म्हणजे शेअर बाजार कोसळल्यावर लगेच, नशीबच फुटकं. १९५७ ला बंद पडलं, सामानसुमान विकलं गेलं, रेल्वेने आत पार्टिशनं ठोकून ऑफिसं केली. पाडणारच होते. १९९७ मध्ये नवीन मालकांनी घेतलं आणि एकेक खोली करत परत उभं केलं. मागच्या हिरवळीवर खुर्च्या टाकलेल्या असतात आणि समोर रूळ, अक्षरशः समोर. शिकागो ते लॉस एंजेलिस जाणारी साउथवेस्ट चीफ ही प्रवासी गाडी रोज दोन्हीकडून तिथे थांबते आणि मालगाड्यांना तर दिवसरात्र खळ नाही, पुढे चार-चार इंजिनं आणि कंटेनरवर कंटेनर असे दुमजली डबे. पहाटे चारचा प्रश्न सुटला. बाबांना तिथे बसवा आणि डबे मोजू द्या.

आणि माझं कळकळीचं सांगणं, रोज रात्री नवीन ऐतिहासिक हॉटेल असला उद्योग करू नका. रात्री आठला पोचायचं आणि सकाळी आठला बॅगा भरायच्या असतील तर १९३० चं काय आणि परवाचं काय, आईंना फक्त पलंग दिसणार. विन्स्लोला दोन रात्री करा. पश्चिमेला अर्ध्या तासावर मीटिअर क्रेटर आहे, साधारण ५० हजार वर्षांपूर्वीचं, सव्वा किलोमीटरच्या आसपास रुंद. लोणार पाहिलं असेल तर बाबांना तुलना करायला मजा येईल, लोणार याहून मोठं पण तिथे तळं आणि झाडी, इथे कोरडा ठाक खड्डा, कड एकदम स्वच्छ दिसते. पूर्वेला तासाभरावर पेट्रिफाइड फॉरेस्ट, तिथे बरंचसं गाडीतूनच दिसतं, गुडघ्यांना त्रास नाही.

पॉइंटवाला:

मी ताईंच्या मिस्टरांच्या बाजूने. अहो इतिहास इतिहास म्हणून आम्ही एका शंभरी पार केलेल्या हॉटेलात राहिलो (नाव घेत नाही, या रूटवरचं नव्हे), रात्रभर वरच्या मजल्यावरचा माणूस आमच्या छातीवर चालत असल्यासारखा, खिडकीतला एसी ट्रॅक्टरसारखा आणि गरम पाणी यायला इतका वेळ की बायकोने तोवर बॅग आवरून घेतली. खोलीत क्वीन साइझचा एकच पलंग, पाच माणसांना दोन खोल्या घ्याव्याच लागतात, म्हणजे खर्च डबल. ऐतिहासिक हॉटेलात मजा असते ती लॉबीची, आणि लॉबी बघायला कोणी पैसे मागत नाही.

ग्रँड कॅनियनचंच बघा. एल टोव्हार १९०५ चं, कड्याच्या अगदी काठावर, मोठमोठ्या ओंडक्यांचं, आत गेलं की लाकडाचा तो काळपट तपकिरी अंधार आणि भिंतीवर प्राण्यांची मुंडकी. सुंदरच आहे, नाही कोण म्हणतंय. पण तीन मजले आणि लिफ्ट नाही. आणि बुकिंग १३ महिने आधी उघडतं, लोक टपूनच असतात, तुम्ही आत्ता जुलैचं विचारताय. त्यापेक्षा बाहेर पोर्चवर बसा, जेवायचं असेल तर आधी टेबल बुक करून जेवा, आणि झोपायला जवळच्या विल्यम्स नाहीतर फ्लॅगस्टाफ गावात पूलवालं चेन हॉटेल, मुलीला पूलच आवडणार हे लिहून घ्या.

आणखी एक, नॉर्थ रिमवरचं (दरीच्या उत्तर काठावरचं) ग्रँड कॅनियन लॉज जुन्या ब्लॉगवर अजून दिसतं, त्याच्या नादी लागू नका, जुलै २०२५ च्या वणव्यात जळून गेलं. साउथ रिमला, म्हणजे एल टोव्हारच्या बाजूलाही, निघण्याआधी पार्कची साइट बघाच, दरीतून येणारी पाण्याची पाइपलाइन जुनी झालीय आणि सारखी फुटते, २०२४ च्या ऑगस्टअखेर तर त्यापायी तिथले हॉटेलातले मुक्कामच बंद केले होते.

गोडांबा:

मी सासू-सासऱ्यांना घेऊन याच भागात फिरलेय म्हणून लिहिते. पॉइंटवाला दादांचं लॉबीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, पण म्हातारी माणसं दिवसभर फिरत नाहीत हो, दुपारी त्यांना कुठेतरी टेकायचं असतं, आणि चेन हॉटेलात टेकायचं म्हणजे पडदे लावलेली खोली आणि टीव्ही. जुन्या हॉटेलात व्हरांडा असतो, बाग असते, जाता येता कोणीतरी "कुठून आलात" विचारतं. आमचे सासरे मोडक्यातोडक्या इंग्रजीत एका आजोबांशी तासभर पावसावर बोलत होते, दोघांचीही शेती. मला तर त्या एका तासाचेच पैसे वसूल वाटले. पाऊस म्हटल्यावर आठवलं, जुलैत ॲरिझोना-न्यू मेक्सिकोत दुपारी आपल्या वळवासारखा पाऊस येतो, विजा फार, कड्यावरचं फिरणं सकाळीच उरका.

बुकिंग ऑनलाइन करू नका, फोन करा आणि फोनवर हे विचारा: खोली तळमजल्यावर मिळेल का, शॉवर उभ्याने घ्यायचा आहे की टबात चढून. हे दुसरं कोणी विचारत नाही आणि तिथेच घोळ होतो. जुन्या हॉटेलात ते पाय असलेले लोखंडी टब ठेवतात, फोटोत झकास दिसतात पण काठ गुडघ्याच्याही वर, आईंना एक पाय उचलून आत टाकणं म्हणजे कसरत, वर धरायला काही नाही. वॉक-इन शॉवर म्हणून स्पष्ट सांगा. सोबत एक प्लास्टिकचा मग न्या, सासूबाई शॉवरखाली अंघोळ झाली असं मानतच नाहीत.

जेवणाचं: न्यू मेक्सिकोत शाकाहारी माणूस उपाशी मरत नाही, मिरचीची ग्रेव्ही घातलेले चीजचे एंचिलाडा, सोपापिया (आपल्या टम्म पुरीसारखं, वर मध), बीन्स. पण बीन्समध्ये लार्ड म्हणजे डुकराची चरबी असू शकते आणि हिरव्या मिरचीच्या ग्रेव्हीत बऱ्याचदा मांस असतं, दोन्ही दर वेळी विचारायचं, "व्हेजिटेरियन आहे ना" एवढं पुरत नाही, लार्डचं नाव घेऊन विचारा. लाल हवी की हिरवी असं वेटर विचारतो, दोन्ही हवी असेल तर "ख्रिसमस" म्हणायचं. बाबांना आवडेल.

भुसावळची_लेक:

खूप खूप आभार सगळ्यांचे, मिस्टरांना सगळं वाचून दाखवलं, पॉइंटवाला दादांच्या पोस्टला दोनदा मान डोलावली त्यांनी. ला पोसाडाला फोन केला, तळमजल्यावर दोन खोल्या आहेत, दोन रात्री ठेवल्या. एल टोव्हार अर्थातच फुल्ल. आता डलास ते विन्स्लो मध्ये कुठे थांबू? टुकमकॅरी, सांता फे आणि गॅलप अशी तीन नावं मिळालीत. आणि मुलीने नेटवर ते सिमेंटच्या तंबूंचं मोटेल बघितलंय, तेच हवंय म्हणून हटून बसलीय.

वाळवंटी_कावळा:

टुकमकॅरीचं ब्लू स्वालो १९३९ चं मोटेल आहे, रूट ६६ या जुन्या महामार्गावरच्या मोटेलांचा खरा नमुना, खोलीच्या शेजारी गाडीसाठी छोटं गॅरेज आणि संध्याकाळी निऑनचा निळा पक्षी पेटतो. डलासहून सात-साडेसात तास, जेवण-बाथरूम धरून नऊ समजा, म्हणजे पहिला मुक्काम इथेच नीट बसतो. पायऱ्यांची भानगड नाही. खोल्या मोजक्याच आहेत, आजच फोन करा.

दुसऱ्या दिवशी सांता फेला ला फोंडामध्ये राहू नका, जेवा. आत्ताची इमारत १९२२ ची, हीसुद्धा पुढे हार्वीकडेच होती, जुन्या अंगणावर छप्पर घालून डायनिंग हॉल केलाय आणि सभोवती हाताने रंगवलेल्या काचांच्या चौकटी, दुपारी दोनच्या उन्हात बघा. राहायचा खर्च मात्र गावाच्या मध्यावर असल्याने चांगलाच आहे. आणि बाबांना कोडं घाला, सांता फे रेल्वेची मेन लाइन सांता फे गावात का येत नाही? डोंगराच्या चढामुळे ती लामी गावावरूनच वळली आणि गावाला नुसता फाटा मिळाला, १८८० मध्ये. आपल्याकडे मेन लाइन बाजूने गेली म्हणून हळहळणारी गावं काय कमी आहेत.

मग पुढे अल्बुकर्की ओलांडून गॅलपला मुक्काम, एल रँचो, १९३७. आजूबाजूच्या लाल खडकांत काउबॉय सिनेमांची शूटिंग चालायची तेव्हा नटमंडळी इथे उतरायची, जॉन वेन, रोनाल्ड रेगन वगैरे, खोल्यांना त्यांचीच नावं आहेत. लॉबीत दोन्ही बाजूंनी गोल वर जाणारा जिना, नवाहो गालिचे, कडेने सह्या केलेले फोटो. खोल्या साध्या आहेत हे आधीच घरी सांगून ठेवा, लॉबीच्या मानाने तर फारच साध्या. बाजूला त्यांचीच मोटेलची वेगळी इमारत आहे, बुकिंग करताना कुठली खोली देताय ते विचारा, नाहीतर इतिहासाशेजारी झोपाल.

तंबूंचं ते विगवाम, हॉलब्रुकला, १९५० चं. विन्स्लोच्या अलीकडे अर्ध्या तासावर, त्यामुळे मुलीला तिथे फोटो आणि आइसक्रीम, आवारात जुन्या गाड्या उभ्या असतात त्यात तिचा वेळ जाईल. पाच जणांना आत राहणं कठीण आहे, भिंतीच तिरक्या.

आणि कॅनियनला एक दिवस गाडीने न जाता विल्यम्सहून ट्रेनने जा. ती लाइन १९०१ मध्ये कड्यापर्यंत पोचली, १९६८ ला प्रवासी गाडी बंद झाली, १९८९ ला परत सुरू केली. सव्वादोन तास लागतात आणि उतरलं की वरच एल टोव्हार, पण मध्ये चढ आहे, आईंना सावकाश न्या, उंची ७ हजार फुटांच्या आसपास आहे, दम लागतो. म्हणजे विल्यम्सला चेन हॉटेल, मिस्टरांचे पॉइंट आणि पूल.

पॉइंटवाला:

शेवटचं वाक्य मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवा.

भुसावळची_लेक:

दाखवलं :) ट्रेनचं बाबांना फोनवर सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न इंजिन कुठलं आणि दुसरा गेज कुठला. चहाचं काय करू तेवढं सांगा कोणीतरी, या जुन्या हॉटेलांत खोलीत किटली असते का?

गोडांबा:

धरून चालू नका. घरून छोटी इलेक्ट्रिक किटली न्या आणि चेक-इनला चालेल का म्हणून विचारा, जुनं वायरिंग असलं की काही ठिकाणी नको म्हणतात. नसेलच चालत तर रात्री थर्मासमध्ये गरम पाणी भरून मागायचं, सोबत चहाची प्रीमिक्स पाकिटं. आणि घड्याळाकडे लक्ष ठेवा, उन्हाळ्यात न्यू मेक्सिकोतून ॲरिझोनात शिरलात की एक तास मागे, त्यामुळे बाबा विन्स्लोला चारला नाही, तीनला उठणार. पाकिटं जरा जास्तच घ्या.