वायबीसीओचा आलेख ३० केल्विनखाली सपाट का होत नाही?

गोठणबिंदू:
टनेल डायोड ऑसिलेटरवर (नमुन्यामुळे वारंवारता किती सरकते ते पकडणारं सर्किट) वायबीसीओच्या, म्हणजे इट्रियम-बेरियम-कॉपर-ऑक्साइड या अतिवाहकाच्या, स्फटिकाची भेदन-खोली (चुंबकीय क्षेत्र आत किती खोल शिरतं ते) मोजतोय. ९२ केल्विनच्या आसपास अतिवाहक होण्याचं संक्रमण झकास दिसलं. आधी हात बसावा म्हणून नायोबियम लावला होता, त्याचा आलेख ३ केल्विनखाली, म्हणजे त्याच्या संक्रमण तापमानाच्या साधारण एक-तृतीयांशाखाली, आडवा पडला. त्या हिशेबाने वायबीसीओ ३० खाली गप्प बसायला हवा. पण हा पठ्ठ्या ४.२ पर्यंत सरळ रेषेत उतरतच राहतो. सीनियर म्हणतात, थर्मामीटर नमुन्याला नीट चिकटलेला नसणार. ग्रीस नवं लावलं, सेन्सर बदलला, रेष तीच. नमुना बाद समजू का?

जुनाक्रायोस्टॅट:
अहो, फेकू नका! ती रेषच तुमच्या स्फटिकाचं प्रशस्तिपत्र आहे. १९९३ साली ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात हार्डी, बॉन आणि मंडळींनी मायक्रोवेव्हवर हेच मोजलं, उतार केल्विनमागे साधारण ४ अँगस्ट्रॉम.

नायोबियममध्ये ऊर्जेची गॅप (इलेक्ट्रॉनांची जोडी मोडायला लागणारी किमान ऊर्जा) सगळ्या दिशांना असते, कुठेच शून्य होत नाही. पुरेसं थंड केलं की कूपर जोड्या (अतिवाहकातल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या) मोडायला उष्णता पुरत नाही आणि मोडलेल्या जोड्यांतले सुटे क्वासिपार्टिकल घातांकी वेगाने संपतात. क्युप्रेटमधली (वायबीसीओसारख्या तांबे-ऑक्साइड अतिवाहकांतली) गॅप डी-वेव्ह: तांबे-ऑक्सिजन बंधांच्या दिशेला सर्वांत मोठी, ४५ अंशांवर चक्क शून्य. म्हणजे कुंपणाला चार फाटकं, आणि चारही कायम उघडी. गॅप शून्य होते त्या जागांपाशी, म्हणजे नोडपाशी, अवस्थांची घनता ऊर्जेच्या प्रमाणात वाढते, म्हणून अतिप्रवाही इलेक्ट्रॉनांची घट तापमानाच्या पहिल्या घातात येते. थर्मामीटर बिचारा निर्दोष.

शंकेखोर:
सरळ रेषेवरून नोड कळतात, नोड ओलांडताना गॅपचं चिन्ह (अधिक-उणे) बदलतं हे नाही कळत. ते १९९४ मध्ये त्सुएई-किर्टली यांच्या तीन-स्फटिकी कड्यात अर्धा फ्लक्स क्वांटम (चुंबकीय प्रवाहाच्या मूळ एककाचा अर्धा भाग) सापडल्यावर ठसलं. बाकी मान्य.

गोठणबिंदू:
हायसं वाटलं! पण माझा उतार ४ पेक्षा बराच जास्त निघतोय.

जुनाक्रायोस्टॅट:
कॉइलचं चुंबकीय क्षेत्र प्लेटसारख्या स्फटिकाच्या कोणत्या दिशेला?

गोठणबिंदू:
प्लेटच्या पातळीला समांतर. डीमॅग्नेटायझेशनची (नमुन्याच्या आकारामुळे क्षेत्र बिघडण्याची) कटकट नको म्हणून.

जुनाक्रायोस्टॅट:
मग कडांवरून प्रवाह सी-अक्षातूनही (तांबे-ऑक्सिजन थरांच्या आडव्या पातळीला लंब दिशेने) वळसा घेतो. त्या दिशेची भेदन-खोली पातळीतल्या दीडशे नॅनोमीटरच्या कित्येक पट असते, जाड प्लेटमध्ये ती हमखास मिसळते. स्फटिक चिरून अरुंद पट्ट्या करा आणि त्याच दिशेत पुन्हा मोजा: पट्ट्यांमुळे जेवढी वाढ होईल तेवढा सी-अक्षाचा वाटा, तो वजा करता येतो.

आणि हेलियमवर पंप लावून १.५ केल्विनपर्यंत उतरा. तळाशी रेष वाकून तापमानाच्या वर्गाच्या वाटेला लागली तर अशुद्धी आहे. जस्ताचे थोडे अणू असले तरी एवढं होतं. चिरण्याआधीच हे बघून घ्या, नंतर तोच नमुना परत मिळत नाही.