मदत हवी आहे: अमेरिकेहून आणलेल्या टर्नटेबलची घुमघुम थांबत नाही

जुनी_तबकडी :
नमस्कार. काकांनी न्यू जर्सीहून कायमचे परत येताना त्यांचे जुने टर्नटेबल मला दिले. तिकडचा विद्युतदाब वेगळा असतो याची कल्पना असल्याने मी लॅमिंग्टन रोडवरून २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर आणला आणि सगळी जोडणी केली. तबकडी फिरते, गाणे ऐकू येते, परंतु गाण्याच्या मागे खर्जातला 'ऊंऽऽ' असा आवाज अखंड चालू असतो, आणि व्हॉल्यूम थोडा वाढवला की तो गाण्यालाही गिळून टाकतो. अर्थिंग केलेले आहे. इलेक्ट्रिशियन दोनदा येऊन गेला. त्याच्या मते दोष मशीनमध्येच आहे. रविवारी घरी मंडळी येणार आहेत, तेव्हा कृपया नेमका उपाय सांगावा. हे विकून ब्लूटूथ स्पीकर घेण्याचा सल्ला घरातूनच मिळालेला आहे, त्यामुळे तो पुन्हा देऊ नये.

पाऊणस्वर :
एवढ्या माहितीवर नेमका उपाय कोणीच सांगू शकणार नाही. टर्नटेबल कोणते आहे, कार्ट्रिज (सुईच्या थरथरीतून विजेचा संकेत तयार करणारा भाग) मूव्हिंग मॅग्नेट म्हणजे हलत्या चुंबकाचे आहे की मूव्हिंग कॉइल म्हणजे हलत्या वेटोळ्याचे, फोनो प्रीअँप (तो क्षीण संकेत आधी वाढवणारा भाग) स्वतंत्र आहे की अँप्लिफायरमध्येच आहे, आणि आरसीए केबलबरोबर येणारी बारीक सुटी वायर तुम्ही कोठे जोडली आहे, हे चारही मुद्दे कळवा.

जुनी_तबकडी :
थोरेन्स टीडी १६०. कार्ट्रिज मूव्हिंग मॅग्नेट, प्रीअँप वेगळा. वायरचे वर लिहिलेच आहे की अर्थिंग केलेले आहे.

कृष्णाकाठ :
आमच्या सांगलीच्या जुन्या घरात अर्थिंगच नव्हते, आणि रेडिओला अशीच घरघर होती. वडिलांनी सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात तारेचा छोटा तुकडा जोडून दिला. त्यानंतर वीस वर्षे आवाज आला नाही. पाच मिनिटांचे काम आहे.

निवृत्त_वायरमन :
कृपया हा प्रयोग कोणीही करू नये. न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्ये जोडल्यानंतर मागे कोठे न्यूट्रल तुटली किंवा सैल झाली, तर त्या सॉकेटवर चालणाऱ्या प्रत्येक उपकरणाच्या धातूच्या पेटीवर २३० व्होल्ट येतात आणि फ्रिजला हात लावणारा माणूस चिकटतो. घरात आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला असेल तर तो अशा जोडणीवर ट्रिप होत राहील, आणि मग लोक जोडणी काढण्याऐवजी आरसीसीबीच काढून टाकतात, हेही मी पाहिले आहे. वीस वर्षे काही झाले नाही, याचा अर्थ वीस वर्षे न्यूट्रल तुटली नाही, इतकाच.

कृष्णाकाठ :
माझ्या वडिलांना विजेतले काही कळत नव्हते, असे आपल्याला सुचवायचे आहे काय? आणि हे पटत नसेल तर अँप्लिफायरच्या प्लगची वरची जाड पिन काढून पाहा. बरेच हौशी लोक तसे करतात.

निवृत्त_वायरमन :
वडिलांविषयी मला आदरच आहे. मात्र ती पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब ठेवलेली असते ती फेज जोडली जाण्याआधी अर्थ जोडली जावी म्हणून. ती काढल्याने आवाज कधी कधी खरोखर थांबतो, आणि म्हणूनच हा सल्ला पसरतो.

स्वच्छ_पन्हळ :
मूळ प्रश्नाशी संबंध नाही, तरीही सांगतो. जुन्या रेकॉर्ड नळाच्या पाण्याने धुऊ नका. क्षार पन्हळीत बसतात. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कुंचला वापरावा, आणि लाखेच्या जुन्या ७८ च्या तबकड्यांना अल्कोहोल अजिबात लावू नये.

पाऊणस्वर :
धन्यवाद, पण इथे पन्हळीचा नव्हे, विजेचा प्रश्न आहे. जुनी_तबकडी, 'अर्थिंग केलेले आहे' म्हणजे ती वायर नेमक्या कोणत्या स्क्रूखाली आहे, ते सांगाल का?

जुनी_तबकडी :
इलेक्ट्रिशियनने ती वाढवून भिंतीवरच्या सॉकेटच्या अर्थला जोडून दिली. वायरला अर्थ म्हणतात, म्हणून अर्थला जोडली. यात काय चुकले?

पाऊणस्वर :
सगळी गफलत या एका शब्दाने केलेली आहे. त्या वायरचा घराच्या अर्थिंगशी थेट संबंध नाही. टोनआर्मचा (सुईच्या दांड्याचा) आणि चेसिसचा धातू प्रीअँपच्या शून्याशी बांधून ठेवणे, एवढेच तिचे काम आहे, आणि त्यासाठी प्रीअँपच्या मागे 'जीएनडी' असे लिहिलेला एक स्क्रू मुद्दाम दिलेला असतो. तुमच्याकडे अँप्लिफायर स्वतःच्या तीन पिनांच्या प्लगमधून अर्थला जोडलेला असणार आणि टर्नटेबल भिंतीतून वेगळ्या वाटेने. दोन वाटा मिळून एक वळसा तयार झाला, आणि त्या वळशात फिरणारा ५० हर्ट्झचा क्षीण प्रवाह तुम्हाला 'ऊंऽऽ' म्हणून ऐकू येतो. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम तीन ते पाच मिलिव्होल्ट निघतात. प्रीअँप त्यांना सुमारे शंभर पटींनी वाढवतो, आणि रेकॉर्ड कापताना कमी केलेला खर्ज भरून काढण्यासाठी ५० हर्ट्झच्या आसपास आणखी सात पट वाढ देतो. म्हणजे जो उपद्रव सीडी प्लेअरवर कानालाही लागणार नाही, तो इथे सातशे पट होऊन समोर येतो.

भिंतीची जोडणी काढा आणि वायर जीएनडी स्क्रूखाली घट्ट करा. हे सर्व करताना अँप्लिफायर बंद आणि प्लग काढलेला असावा.

जुनी_तबकडी :
केले. आवाज निम्म्याहून कमी झाला, पण गेलेला नाही. एक विचित्र गोष्ट आढळली. सुई तबकडीला न टेकवता टोनआर्म हाताने कडेकडून मधल्या लेबलकडे नेला की घुमघुम वाढते, मागे आणला की कमी होते. मोटर बंद असली तरीही हेच होते.

पाऊणस्वर :
जागेनुसार आवाज बदलतो, म्हणजे आता दोष जोडणीचा नसून चुंबकीय क्षेत्राचा आहे. कार्ट्रिज कशाच्या तरी जवळ जात आहे. ट्रान्सफॉर्मर कोठे ठेवला आहे आणि केवढा आहे?

जुनी_तबकडी :
टर्नटेबलच्या बरोबर खालच्या फळीवर. ५०० व्हीएचा (साधारण ५०० वॅटचा) घेतला, म्हणजे कमी पडायला नको. विटेएवढा जड आहे.

पाऊणस्वर :
टीडी १६० च्या मोटरला मोजके काही वॅट लागतात. तुम्ही सायकलला ट्रकचे इंजिन बसवले आहे. विजेला त्याचे काही वाटत नाही, पण एवढ्या लोखंडी गाभ्यातून सांडणारे क्षेत्र थेट तुमच्या कार्ट्रिजच्या वेटोळ्यात शिरते. तो मीटरभर दूर, शक्यतो अँप्लिफायरच्याही पलीकडे न्या. पुढे बदलाल तेव्हा लहान आणि दोन स्वतंत्र वाइंडिंगचा घ्या. एकाच वाइंडिंगच्या ऑटो ट्रान्सफॉर्मरमध्ये आतला सामाईक धागा तुटला तर ११० च्या सॉकेटवर २३० येऊ शकतात.

हलके_सामान :
एवढे जड काही घेण्याची गरजच नाही. प्रवासात वापरायचा तळहाताएवढा कन्व्हर्टर मिळतो, त्यावर १६०० वॅट लिहिलेले असते.

निवृत्त_वायरमन :
ते कन्व्हर्टर केस वाळवण्याच्या यंत्रासाठी आणि इस्त्रीसाठी असतात. ते विजेची लाट कापून सरासरी दाब खाली आणतात. तापणाऱ्या तारेला त्याने फरक पडत नाही, पण मोटर त्यावर गरम होते आणि कुरकुरते.

जुनी_तबकडी :
ट्रान्सफॉर्मर खिडकीपाशी हलवला. शांतता! रात्री अकरा वाजता व्हॉल्यूम पूर्ण वाढवूनही फक्त हलकी सळसळ ऐकू आली. सर्वांचे, वडिलांवरून रागावलेल्या कृष्णाकाठ यांचेही, मनःपूर्वक आभार. धागा बंद करायला हरकत नाही.

कृष्णाकाठ :
रागावलो नव्हतो.

तिसरी_पट्टी :
धागा बंद करण्यापूर्वी एक प्रश्न. टर्नटेबल अमेरिकेतले आहे आणि मोटर मुळातलीच आहे ना? गाणे संथ वाटत नाही का?

जुनी_तबकडी :
संथ म्हणजे, भारदस्त वाटते. ताई मात्र पहिल्या दिवसापासून तक्रार करते आहे. तिने पेटी शेजारी ठेवून सांगितले की हे गायक काळी एकमध्ये गातात आणि इथे षड्ज खालच्या सप्तकातल्या काळी पाचच्याही किंचित खाली लागतो. मला वाटले की तबकडी फिरवणारा पट्टा जुना झाला असेल.

तिसरी_पट्टी :
ताईंचा कान घड्याळापेक्षा खरा आहे. तबकडीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवा आणि मिनिटभर फेरे मोजा.

जुनी_तबकडी :
तीनदा मोजले. तिन्ही वेळा २८ ला किंचित कमी.

तिसरी_पट्टी :
अगदी हिशेबाप्रमाणे. पट्टा घसरत असता तर आकडा दर वेळी हलला असता. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. टीडी १६० ची मोटर सोळा ध्रुवांची सिंक्रोनस आहे. तिचा वेग दाबावर नाही, विजेच्या आवर्तनांवर ठरतो. अमेरिकेच्या ६० हर्ट्झवर ती मिनिटाला ४५० फेरे घेते, आपल्या ५० वर ३७५. म्हणून तबकडीच्या मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांचे २७.८ झाले आणि स्वर तीन श्रुती, क्षमा करा, तीन अर्धस्वरांहून थोडा अधिक खाली आला. क्वार्ट्झवर चालणाऱ्या डायरेक्ट ड्राइव्ह (पट्ट्याविना थेट मोटरवर फिरणाऱ्या) टर्नटेबलला ही अडचण येत नाही. तिथे फक्त दाब जुळवला की पुरते.

उपाय दोन आहेत. मोटरवरची पुली बदलून ५० हर्ट्झची बसवायची, जिचा व्यास जुन्या पुलीच्या १.२ पट असतो. किंवा स्वतःच ६० हर्ट्झची स्वच्छ लाट आणि योग्य दाब तयार करणारा वीजपुरवठा घ्यायचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरही नको.

हलके_सामान :
तोपर्यंत वेगाचा खटका ४५ वर ठेवून वाजवा.

तिसरी_पट्टी :
४५ चे ३७.५ होतील, म्हणजे आता काळी एकऐवजी काळी दोन. उतरलेल्या गायकापेक्षा चढलेला बरा, असे वाटत असेल तर जरूर करा.

कृष्णाकाठ :
पुली आमच्या इथला लेथवाला अर्ध्या दिवसात करून देईल.

पाऊणस्वर :
करून देईल, परंतु केसाइतकी जरी वाकडी झाली तरी प्रत्येक लांब स्वर थरथरेल, आणि पट्टा मध्यभागी राहावा म्हणून पुलीच्या पोटाला जो किंचित फुगवटा असतो तोही त्याला सांगावा लागेल. या मॉडेलच्या तयार पुली परदेशात मिळतात.

जुनी_तबकडी :
पुली मागवली आहे. रविवारपर्यंत येणार नाही. मंडळींना ४५ वर ऐकवणार आहे. ताईने आत्ताच ऐकून काळी दोन असल्याचे पेटीवर पडताळले आणि पुली येईल त्या दिवशी फेरे आपणच मोजणार असे बजावले आहे.