कॉन्स्टेबलचा दाखला देणं थांबवा

निळीशाई
आउटडोअर करणाऱ्यांत, म्हणजे बाहेर बसून निसर्गचित्रं रंगवणाऱ्यांत, हल्ली एक सोवळं आलंय. जागेवर बसून पुरं केलं तेच खरं निसर्गचित्र, घरी येऊन ब्रश लावला की ओवळं. आणि दाखला कुणाचा, तर जुन्या इंग्रज निसर्गचित्रकाराचा, जॉन कॉन्स्टेबलचा! माझ्या मते हा दाखला उलटाच पडतो. त्याचं ‘द हे वेन’ (म्हणजे गवताची गाडी, १८२१) घ्या. इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या फ्लॅटफर्डचा नदीकाठ, पण सहा फुटी कॅनव्हास रंगला लंडनच्या स्टुडिओत. आधी त्याच मापाचं कच्चं तैलचित्र केलं, मग पक्कं. कच्च्यात पाण्याच्या कडेला, कुत्र्याजवळ, एक घोडेस्वार आहे. पक्क्यात त्याच्या जागी पिंप आलं आणि शेवटी तेही रंगाखाली गाडलं गेलं. गाडीचे तपशील हवे होते, तर गावाकडच्या ओळखीच्या चित्रकाराकडून, धाकट्या डन्थॉर्नकडून, रेखाटनं मागवली. यात ‘समोर बसून’ कुठे आलं?

उन्हातला
सोवळ्याबद्दल सहमत, पुढे नाही. रॉयल अकादमीच्या, म्हणजे लंडनच्या चित्रकारांच्या संस्थेच्या, प्रदर्शनात भिंतीवर चित्रं खालपासून छतापर्यंत खच्चून टांगायचे. तिथे हातभर निसर्गचित्राला कोण विचारतो? सहा फूट ही प्रदर्शनाची गरज होती. ‘बोट बिल्डिंग’ मात्र त्याने १८१४ साली नाव बांधत होते तिथेच बसून रंगवलं. ते बघा आणि मग बोला.

निळीशाई
गरज म्हणता, तर भागली का? ‘हे वेन’ लंडनमध्ये विकलंच गेलं नाही. पॅरिसच्या १८२४ च्या सलों प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं, तरी अकादमीने पूर्ण सदस्य करून घेतलं ते १८२९ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी. त्याच्याच काळातल्या टर्नर या निसर्गचित्रकाराला तो मान २६ व्या वर्षीच मिळाला होता. नुसते पैसेच हवे असते तर पोर्ट्रेट्स होतीच की, ती तो करतही होता. स्टुडिओ त्याने निवडला.

ढगवेडा
कॉन्स्टेबलने लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला रंगवलेले ढग कसे विसरलात दोघेही? १८२१-२२ मधले, कागदावर तैलरंगात, मागे तारीख, वेळ, वारा कुठून वाहतोय ते. ढग कधी रंगवलेत का? वरची उजळ कड लावून पोटातल्या करड्याकडे यावं, तोवर ती कड विरलेली असते. वर बघायचं, खाली लावायचं, पुन्हा वर बघायचं तर ढग दुसराच. म्हणजे जागेवर बसूनही निम्मं काम आठवणीवरच. पण ती आठवण तिथे बसल्याशिवाय तयार होत नाही, हे निळीशाईंनी सोयीस्करपणे गाळलंय.

कोराकागद
मग फोटोवरून केलं तर काय बिघडलं?

निळीशाई
@कोराकागद, बिघडतं. फोनमध्ये आभाळ नीट आलं तर झाडाखालची सावली काळी ठिक्कर, सावली उघडली तर आभाळ पांढरंफटक. त्या सावलीत किती रंग असतात ते डोळ्याला दिसतं. वही घेऊन जा, रोज जा. माझा आक्षेप बाहेर जाण्याला नाही, चित्र तिथेच संपलं पाहिजे या हट्टाला आहे.
@ढगवेडा, गाळलं नाही. तो अभ्यास होता. त्यातलं एकही त्याने प्रदर्शनात लावलं नाही.

उन्हातला
लावलं नाही म्हणून कमअस्सल? आज लोक त्याच कागदांपाशी जास्त वेळ थांबतात. ‘हे वेन’चं कच्चं चित्र व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, मला ते पक्क्यापेक्षा जिवंत वाटतं.

निळीशाई
आणि तेही स्टुडिओतच झालंय, बरं का!

उन्हातला
झालं असेल. पण १८०२ पासून तो जवळजवळ दर उन्हाळ्यात त्याच काठावर रेखाटनं करत होता. १८१६ मध्ये लग्न, मग लंडनला बिऱ्हाड. सहा फुटींतलं पहिलं, ‘द व्हाइट हॉर्स’, १८१९ चं. म्हणजे काठ सुटला आणि मग तो वह्यांवर आणि आठवणीवर आला. तुम्ही ज्याला निवड म्हणताय तो मला नाइलाज दिसतो. तारखा लावून बघा.