ऑर्लँडो, मॅजिक किंगडम : तीन वर्षांचा मुलगा आणि आजी-आजोबा, एकच दिवस (मदत हवी आहे)

मेतकूट

नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऑर्लँडोला जातोय. डिस्नीच्या मॅजिक किंगडम पार्कसाठी एकच दिवस आहे. आम्ही दोघं, मुलगा (३ वर्षं २ महिने, बुटांसकट उंची ३६ इंच) आणि सासू-सासरे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त चालवत नाही. सासू-सासरे दोघं शाकाहारी, अंडंही नाही. मुक्काम डिस्नीच्या बाहेर, किसिमीत हायवे १९२ वर. गाडी भाड्याची.

१. ३६ इंच उंचीला कोणकोणत्या राइडमध्ये बसता येईल?
२. सकाळी किती वाजता निघावं?
३. दुपारची झोप हॉटेलवर की तिथेच?
४. जेवणाचं काय?
५. लायटनिंग लेनचे (जादा पैसे भरून छोट्या रांगेतून जायची सोय) पैसे टाकावेत का?

कोकणकडा

आधी तिकीट. तीन पूर्ण झाली की तिकीट लागतंच. ३ ते ९ वयाचं तिकीट मोठ्यांपेक्षा नावापुरतं स्वस्त असतं. तारखेचं तिकीट घेतलंत तर वेगळं पार्क रिझर्वेशन २०२४ पासून लागत नाही. १९२ वर राहताय म्हणून मुद्दाम सांगतो, कुणाची दोन दिवस वापरून उरलेली तिकिटं स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. तिकीट पहिल्यांदा वापरणाऱ्याच्या बोटाशी जोडलं जातं, दुसऱ्याला ते गेटवर चालत नाही. आणि फारच स्वस्त तिकिटामागे बहुधा टाइमशेअरचं (सुट्टीच्या घरातला वाटा विकण्याचं) व्याख्यान असतं, त्यात अर्धा दिवस जातो.

आता उंची. ३२ इंचाला टुमारोलँड स्पीडवे (मोठ्यांशेजारी बसून, एकट्याने चालवायला ५४), ३५ ला बार्नस्टॉर्मर. हे दोन्ही तुमच्या चिरंजिवांना जमतील. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन ३८ ला आहे, दोन इंचांनी हुकते. टियाना ४०, स्पेस माउंटन ४४, ट्रॉन ४८. बाकी डंबो, स्मॉल वर्ल्ड, पीटर पॅन, विनी द पू, अंडर द सी, अलादीनचे गालिचे, कॅरोसेल, जंगल क्रूझ यांना उंचीची अट नाही. एका दिवसाला एवढं पुरून उरतं.

रांगेच्या तोंडाशी मापाची पट्टी असते आणि तिथला माणूस अर्ध्या इंचालाही सवलत देत नाही, कारण सीटवरचा बार त्या उंचीच्या हिशेबाने बनवलेला असतो. घरीच भिंतीवर ३८ ची खूण करून 'इथपर्यंत वाढलास की' हे समजावून ठेवा. भर रांगेत समजावणं कठीण जातं.

उंचीची अट नाही म्हणजे भीती वाटणार नाही असं नव्हे. पायरेट्स ऑफ द कॅरिबियन या बोटीच्या राइडमध्ये अंधारात एक छोटी घसरण आहे. फिलहारमॅजिक या थ्रीडी शोमध्ये मिट्ट काळोख होतो, आवाज मोठा असतो आणि अंगावर पाणी उडतं. आधी स्मॉल वर्ल्ड किंवा अंडर द सी करून बघा, अंधारात कसा राहतो ते तिथे कळेल.

गजराचं_घड्याळ

प्रश्न २. पार्किंग म्हणजे पार्क असं धरून चालू नका, वेळ तिथेच हुकते. मॅजिक किंगडमला गाडी लागते ती ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटरला, ज्याला सगळे टीटीसी म्हणतात. तिथे सिक्युरिटी, मग तळं ओलांडायला फेरीबोट किंवा मोनोरेल, मग गेट. गाडी लावल्यापासून आत पाऊल टाकेपर्यंत ४५ मिनिटं धरा. उबर केलीत तरी ती टीटीसीलाच सोडते, त्यामुळे हा टप्पा टळत नाही. (उबरमध्येही तीन वर्षांच्या मुलाला कारसीट लागते, फ्लोरिडाचा कायदा आहे.)

पार्क ९ ला उघडणार असेल तर पावणेआठला पार्किंगच्या नाक्यावर हवं, म्हणजे किसिमीतून सव्वासातला. गाडी लावली की विभागाच्या नावाचा आणि रांगेच्या नंबरचा फोटो काढा. रात्री दमलेल्या पोरासह त्या मैदानात गाडी शोधणं म्हणजे शिक्षा आहे.

आत शिरल्यावर कुठे वळायचं यावर पहिला तास ठरतो. डिस्नीच्या हॉटेलांतल्या लोकांना अर्धा तास आधी सोडतात, पण फक्त फँटसीलँड आणि टुमारोलँड या दोन विभागांत. तुम्ही ९ ला फँटसीलँडमधल्या पीटर पॅनकडे पळालात तर तिथे अर्ध्या तासाची रांग आधीच उभी असेल. ॲडव्हेंचरलँड मात्र सगळ्यांना एकदमच उघडतं. म्हणून तुम्ही मेन स्ट्रीटच्या टोकाला डावीकडे वळा: पहिली जंगल क्रूझ, मग शेजारचे अलादीनचे गालिचे. दहापर्यंत दोन्ही होतात. दुपारी एकट्या जंगल क्रूझला तास जाऊ शकतो.

ठेचा

प्रश्न ३ : दुपारी साडेबाराला सरळ हॉटेलवर. झोप, अंघोळ, साडेचारला परत. ऑगस्टमध्ये दुपारी तिथे उन्हाची काहिली असते आणि मग वीज-पाऊस. तीन वर्षांचं मूल न झोपता रात्रीपर्यंत टिकत नाही.

गजराचं_घड्याळ

@ठेचा, सल्ला बरोबर, पण डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांसाठी. त्यांची बस थेट गेटशी येते. यांना जाताना गेट-फेरी-गाडी-हॉटेल सव्वा तास आणि येताना तेवढाच. अडीच तास प्रवासात घालवून दीड तासाची झोप मिळणार, शिवाय सासरेबुवांचे गुडघे दोन फेऱ्या जास्त. मूल गाडीत झोपतं आणि हॉटेलच्या दारात जागं होतं हे वेगळंच.

इथे स्ट्रोलरमध्ये (बाबागाडीत) झोपवा. दुपारी १ ते ३ हा वेळ आतल्या थंड जागांसाठी ठेवा. कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस २१ मिनिटांचा आहे. १९६४ च्या न्यूयॉर्क विश्वप्रदर्शनातला हा खेळ, यात रंगमंच जागेवर राहतो आणि प्रेक्षागृहच फिरतं. आजी-आजोबांना हा बहुधा आवडतोच. स्ट्रोलर मात्र बाहेर ठेवावी लागते, त्यामुळे पोर आधीच झोपलं असेल तर एका मोठ्याने त्याला घेऊन पार्कातल्याच एखाद्या रेस्टॉरंटच्या थंड कोपऱ्यात बसायचं आणि बाकीच्यांनी शो बघायचा.

ठेचा

१९२ वर राहतायत हे नीट वाचलं नव्हतं. मग घड्याळरावांचं बरोबर.

स्ट्रोलरबद्दल : घरची चालते, पण ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब यापेक्षा मोठी नको. वॅगन नाहीच. पार्कात भाड्याने मिळणारी कडक प्लॅस्टिकची असते, पाठ मागे झुकत नाही, त्यात झोपलेल्या मुलाची मान लोंबकळते. झोप तिथेच काढायची तर पाठ आडवी होणारी स्वतःची न्या किंवा बाहेरून भाड्याने हॉटेलवर मागवा. फेरीवर आणि मोनोरेलमध्ये उघडीच नेता येते, पार्किंगच्या ट्रॅममध्ये घडी घालावी लागते.

तुम्ही राइडमध्ये असताना तिथले कर्मचारी स्ट्रोलर सरळ रांगेत सरकवून ठेवतात, त्यामुळे ठेवली तिथेच ती मिळेल असं नाही. हँडलला लांबून दिसेल अशी लाल ओढणी बांधा. पावसाचं प्लॅस्टिक कव्हर घरूनच न्या.

दशमी

प्रश्न ४. बाहेरचं खाणं नेता येतं. अटी : काचेची बरणी नको (बाळाच्या खाण्याची चालते), सुटा बर्फ नको, उग्र वास नको आणि गरम करावं लागेल असं नको. उग्र वासात आपली लसणाची चटणी बसते, ती हॉटेलवर ठेवा. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, खाकरा हे उत्तम. दशमी दुधात भिजवलेली असल्याने थंडही मऊ राहते, पण ऑगस्टच्या उन्हात दुधाचा पदार्थ दुपारपर्यंत संपवायचा. दहीभात नकोच, किंवा बर्फाच्या पाकिटांसह छोट्या कूलर बॅगेत.

मुलासाठी खिचडी नेली तर बेबी केअर सेंटर आहे : मेन स्ट्रीटच्या टोकाला, क्रिस्टल पॅलेसच्या शेजारी. तिथे मायक्रोवेव्ह, सिंक, कपडे बदलायची जागा, सगळं थंडगार. हरवलेली मुलंही तिथेच आणतात. म्हणून सकाळी गेटवर मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा आणि फोन नंबर त्याच्या दंडावर पेनाने लिहा. मनगटावर नको, हात धुताना पुसतो.

विकतच्यात : फ्राइज, प्रेट्झेल, चीज पिझ्झा. ॲपमध्ये प्लांट-बेस्ड पदार्थांना पानाची खूण असते, पण 'अंडं नाही' हे काउंटरवर स्पष्ट विचारा. बन आणि केकमध्ये असतं. मिकीच्या आकाराचे राइस क्रिस्पी ट्रीट निरुपद्रवी दिसतात, पण मार्शमॅलोमध्ये जिलेटिन असतं. डोल व्हिप म्हणून अननसाचं सॉफ्ट सर्व्ह मिळतं, त्यात दूध-अंडं काही नाही; सासूबाईंना बिनधास्त द्या.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. जिथे काउंटरवर पेयं मिळतात तिथे बर्फाच्या पाण्याचा ग्लास मागितला की फुकट देतात. इलेक्ट्रालची पाकिटं जवळ ठेवा.

मेतकूट

केवढी माहिती! सासऱ्यांसाठी व्हीलचेअर घ्यावी का? ते स्वतः नको म्हणतायत. आणि डीएएस नावाचं काही असतं असं ऐकलं.

खारीक

डीएएस (डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस) गुडघ्यांसाठी नाही. ते ऑटिझमसारख्या कारणांनी रांगेत थांबता न येणाऱ्यांसाठी आहे आणि २०२४ पासून त्याचे नियम कडक झालेत. चालण्याच्या त्रासाला डिस्नीचं उत्तर व्हीलचेअर हेच.

घ्याच. गेटमधून आत येताच भाड्याने मिळते. पार्कची खुर्ची गेटबाहेर नेता येत नाही, म्हणून टीटीसीपर्यंतचं चालणं उरतंच. फेरीबोट निवडा, मोनोरेलचा रॅम्प चढा आहे. ते नको म्हणत असतील तर 'सामान ठेवायला घेतोय' म्हणून घ्या. अकरा वाजता आपसूक बसतील.

कुठे काय, हे जास्त महत्त्वाचं. जंगल क्रूझ आणि स्मॉल वर्ल्डला व्हीलचेअरची बोट आहे. तिची वाट वेगळी बघावी लागू शकते. फिलहारमॅजिक आणि कॅरोसेल ऑफ प्रोग्रेसमध्ये खुर्चीतच बसून बघता येतं. अंडर द सीचा सरकता पट्टा सांगितलं तर हळू करतात. पीटर पॅनचा थांबवत नाहीत. चालत्या पट्ट्यावरून पटकन चढायचं असतं. पीपलमूव्हरला सगळे 'आरामाची राइड' म्हणतात, पण वर जायला तिरका सरकता पट्टा आणि मग फिरता फलाट आहे. दुखऱ्या गुडघ्यांनी हे दोन टाळावेत.

गजराचं_घड्याळ

यातूनच प्रश्न ५ सुटतो. लायटनिंग लेन मल्टी पास माणशी असतो आणि तीन वर्षांवरच्या प्रत्येकाला लागतो. पण पाच घेऊ नका. आजी-आजोबा पीटर पॅन करणार नाहीत, गर्दीच्या वेगवान राइडही नाहीत. तुम्ही दोघं आणि मुलगा, तीनच पास. बाहेर राहणाऱ्यांना तीन दिवस आधी सकाळी ७ ला (ऑर्लँडोच्या वेळेने) तीन राइड निवडता येतात. पीटर पॅन आणि जंगल क्रूझ एकाच वरच्या गटात आहेत, त्यातलं एकच मिळतं. जंगल क्रूझ तुम्ही सकाळीच करताय, तेव्हा पीटर पॅन घ्या, साडेदहाच्या आसपासची वेळ. उरलेल्या दोन जागी विनी द पू आणि डंबो. पहिला वापरला की पुढचा ॲपमधून घेता येतो. पॉवर बँक दोन न्या, ॲप बॅटरी खातं.

मोठ्यांना माइन ट्रेन करायची असेल तर रायडर स्विचची (पालकांनी आळीपाळीने राइड करायची सोय) गरज नाही. मुलगा आजी-आजोबांकडे, तुम्ही दोघं एकत्र जा. ती वेळ त्याच्या झोपेची ठेवा.

ठेचा

पावसाचं राहिलं. वीज जवळ आली की डंबो, गालिचे, बार्नस्टॉर्मर, स्पीडवे, जंगल क्रूझ बंद होतात, पाऊस पडत नसला तरी. लोक वैतागून गेटकडे निघतात. तुम्ही स्मॉल वर्ल्ड, अंडर द सी, विनी द पूकडे वळा. तुमच्या पासाच्या वेळेत राइड बंद पडली तर तो पास आपोआप दुसऱ्या राइडना चालणारा होतो, घाबरून जाऊ नका. वादळ बहुधा तासाभरात सरतं आणि त्यानंतर डंबोची रांग दिवसातली सगळ्यात छोटी असते.

डंबोजवळच केसी ज्युनिअरच्या आगगाडीचे कारंजे आहेत. मुलगा नखशिखान्त भिजणार. सुके कपडे, टॉवेल, दुसरी चप्पल स्ट्रोलरच्या खालच्या खणात. ओल्या बुटांनी पुढचे सहा तास म्हणजे पायाला फोड.

मेतकूट

शेवटचा प्रश्न. नुकताच डायपर सुटलाय. आणि आतषबाजीपर्यंत थांबावं का?

दशमी

तिथली कमोड आपोआप फ्लश होतात. लहान मूल बसलेलं सेन्सरला दिसत नाही, मध्येच धाडकन पाणी येतं आणि मग दिवसभर ते बसायलाच तयार होत नाही. चिकट चिठ्ठ्यांचा गठ्ठा पर्समध्ये ठेवा, सेन्सरवर एक लावायची, उठल्यावर काढायची. दर दीड तासाला न विचारता न्यायचं. सासऱ्यांना मदत लागत असेल तर कम्पॅनियन रेस्टरूम वेगळी असतात, नकाशात खूण आहे.

गजराचं_घड्याळ

आतषबाजी संपली की हजारो लोक एकदम फेरीकडे निघतात, टीटीसीला पोहोचायला तास लागू शकतो. थांबायचंच असेल तर किल्ल्यापाशी जाऊ नका. मेन स्ट्रीटच्या गेटकडच्या टोकाला, रेल्वे स्टेशनजवळ उभे राहा : किल्ला लहान दिसतो, पण आवाज कमी आणि बाहेर पडायला दोन मिनिटं. मुलाला कानावरचे मफ हवेत, कापसाने भागत नाही. तो आठलाच पेंगला तर आतषबाजीच्या अर्धा तास आधी निघा. फेरी तेव्हा रिकामी असते आणि आवाज सुरू झाले की तळ्यावरून थोडंफार दिसतंच.